सायकल ग्रुपची फी आणि विमा : नाशिककर सायकलवाल्यांनी पैसे भरण्याआधी काय काय बघायचं

पावसाळा ओसरला की नाशिकमध्ये सायकली परत बाहेर निघतात, सकाळी साडेपाचला गंगापूर रोडला पुढे पांढरा आणि मागे लाल लाइट लावलेले ग्रुप दिसायला लागतात आणि त्याच सुमाराला सगळीकडे एकच प्रश्न फिरतो, की मेंबरशिप किती आणि त्यात इन्शुरन्स येतो का. आमच्या ग्रुपचे फॉर्म गोळा करायचं काम माझ्याकडे आहे, त्यामुळे हा प्रश्न मला फोनवर, राइडनंतर मिसळ खाताना, कुठल्या लग्नात भेटले तरी विचारतात, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवते.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की बसवा. ग्रुपची फी वेगळी आणि विमा वेगळा. फी भरल्याची पावती म्हणजे विम्याचा कागद नाही. बऱ्याच जणांनी परदेशातलं कुठेतरी वाचलेलं असतं, म्हणजे ब्रिटनमधल्या सायकलिंग यूकेची मेंबरशिप घेतली की १ कोटी पौंडांपर्यंतचं थर्ड पार्टी कव्हर (आपल्यामुळे दुसऱ्याला झालेल्या नुकसानीचं) आपोआप मिळतं वगैरे, आणि मग इथेही तसंच असेल असं धरून चालतात. आपल्याकडे तसं काही आपोआप होत नाही. ग्रुपने मुद्दाम पॉलिसी काढली असेल तर आहे, नसेल तर नाही, आणि काढली असेल तरी तुमचं नाव त्या यादीत गेलंय का हा वेगळाच प्रश्न.

आता फीचं बघू. फी कमी की जास्त यावर आधी जाऊ नका, त्यात काय येतं ते विचारा. कुठे जर्सी फीमध्ये असते, कुठे जर्सीचे पैसे वेगळे घेतात. लांबच्या राइडला मागे गाडी, पंक्चरचं सामान, पाणी-केळी, प्रथमोपचाराची पेटी हे फीतून होतं की प्रत्येक राइडला वेगळी वर्गणी काढतात तेही विचारा. वर्ष कधीपासून कधीपर्यंत मोजतात हे तर नक्कीच विचारा, कारण काही जण एप्रिल ते मार्च धरतात, काही जानेवारी ते डिसेंबर, आणि तुम्ही फेब्रुवारीत पूर्ण वर्षाची फी भरली आणि मार्चअखेर संपली असं व्हायला नको. घरातले दोघं-तिघं येणार असतील तर फॅमिली मेंबरशिप आहे का बघा.

मग पावती. पैसे कुणाच्या खात्यात जातात ते बघा. संस्था रजिस्टर असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी नंबर असतो किंवा कंपनी कायद्याखाली कलम ८ ची कंपनी असते, बँकेत संस्थेच्या नावाचं खातं असतं आणि पावतीवर संस्थेचं नाव छापलेलं असतं. पाच-पंचवीस मित्रांचा नुसता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असेल तर त्यातही वाईट काही नाही, नाशिकमध्ये कितीतरी चांगले ग्रुप असेच चालतात. पण अशा ग्रुपच्या नावाने विमा कंपनी मास्टर पॉलिसी, म्हणजे सगळ्या मेंबरांची मिळून एकच पॉलिसी, सहसा देत नाही, कारण तिला करार करायला एक रीतसर संस्था लागते. शिवाय निव्वळ विमा घेण्यासाठी जमवलेला ग्रुप आयआरडीएआयच्या, म्हणजे विमा नियामकाच्या, नियमात बसतच नाही. त्यामुळे अशा ठिकाणी कुणी सांगितलं की "पाचशे रुपये द्या, त्यात सगळ्यांचा विमा आहे" तर पॉलिसी नंबर मागायचा. लाजायचं नाही. आणि हो, मेंबरशिप फीवर ८०जी ची आयकर सवलत मिळत नाही, ती देणगीवर असते, दोन्ही एकाच पावतीवर लिहून घेऊ नका.

ग्रुपची पॉलिसी खरंच असेल तर ती बहुतेक ग्रुप पर्सनल अ‍ॅक्सिडेंट असते. म्हणजे संस्था मास्टर पॉलिसीहोल्डर आणि आपण सगळे यादीतली नावं. तुम्हाला मिळायला हवं ते सर्टिफिकेट ऑफ इन्शुरन्स. ते हातात घेऊन, फोनवर असेल तर झूम करून, नीट वाचा. नाव आधारवर आहे तसंच आहे का, जन्मतारीख बरोबर आहे का, विम्याची रक्कम किती, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, वयाची अट काय. ग्रुपमध्ये सत्तरीच्या पुढचे काका-काकू आपल्याकडे भरपूर आहेत आणि आमच्यापेक्षा जास्त किलोमीटर करतात, पण कित्येक पॉलिसींची वयोमर्यादा ६५ किंवा ७० ला संपते, तेव्हा त्यांनी हे आधी बघायला हवं. तसंच १८ च्या आतल्या मुलांचं, त्यांची नावं यादीत चालतात का आणि किती रकमेला, हे कंपनीकडूनच लेखी घ्या.

सगळ्यात जास्त गोंधळ मला दिसतो तो नॉमिनीच्या रकान्यात. फॉर्म येतात त्यात कुणी तो रकाना कोराच सोडलेला असतो, कुणी नुसतं "पत्नी" लिहिलेलं असतं, नाव नाही, वय नाही, आणि कुणी लग्नाआधी भरलेला फॉर्म तसाच पुढे चालवलेला असतो ज्यात अजून वडिलांचं नाव असतं आणि वडील जाऊन दोन वर्षं झालेली असतात. अपघात विम्यात नॉमिनी हाच तर मुख्य माणूस, क्लेम त्यालाच करायचाय. पूर्ण नाव, नातं, जन्मतारीख, आणि नॉमिनी अज्ञान, म्हणजे १८ च्या आतला, असेल तर पालक म्हणून कोण, हे सगळं भरा. आम्ही आता असा अर्धवट फॉर्म परत देतो, मग समोरचा कितीही ओळखीचा असो, त्यात माझं काही वैयक्तिक नसतं, तुमच्याच घरच्यांची धावपळ वाचावी म्हणून ते आहे.

शिवाय हे विचारा की कव्हर चोवीस तासांचं आहे की फक्त ग्रुपने ठरवलेल्या राइडपुरतं. यात फार मोठा फरक आहे. रविवारी ग्रुपबरोबर अंजनेरीला गेलात तर कव्हर आणि बुधवारी एकटे सोमेश्वरपर्यंत जाऊन आलात तर नाही, असंही असू शकतं. मोठ्या उपक्रमांचं, म्हणजे नाशिक-पंढरपूर सायकल वारीसारख्या अनेक दिवसांच्या राइडचं, तेवढ्या दिवसांपुरतं वेगळं कव्हर काढलेलं आहे का हे नोंदणी करतानाच आयोजकांना विचारून घ्यावं, आयत्या वेळी सुरुवातीच्या पॉइंटला नाही.

पण माझं स्पष्ट मत विचाराल तर ग्रुपचा विमा हा वरचा थर समजा. पाया तुमचा स्वतःचा पाहिजे. ग्रुप पुढच्या वर्षी पॉलिसी रिन्यू करेल की नाही ते तुमच्या हातात नाही, तुम्ही ग्रुप सोडलात की कव्हर सुटतं, आणि रक्कमही सहसा लहान असते.

पायाची सुरुवात वीस रुपयांपासून होते. प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजना, वर्षाला २० रुपये, बचत खात्यातून आपोआप कापले जातात, वय १८ ते ७०, अपघाती मृत्यू किंवा दोन्ही डोळे, दोन्ही हात, दोन्ही पाय असं कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर २ लाख, एक डोळा किंवा एक हात किंवा एक पाय गेला तर १ लाख. वर्ष १ जून ते ३१ मे. मे महिन्याच्या शेवटी खात्यात पैसे नसले की कट होत नाहीत आणि कव्हर गेलं, म्हणून ज्या खात्यात पगार येतो किंवा जे रोज वापरता त्याच खात्याला जोडा. दोन बँकांमधून दोनदा काढून उपयोग नाही, क्लेम एकाच खात्याचा मिळतो. आणि हाड मोडलं, टाके पडले, याचे यात एक रुपयाही मिळत नाहीत हे लक्षात ठेवा.

त्याच्यावर स्वतःची पर्सनल अ‍ॅक्सिडेंट पॉलिसी. कुठली घ्यायची कळत नसेल तर सरल सुरक्षा बीमापासून सुरुवात करा. ही आयआरडीएआयने ठरवून दिलेली स्टँडर्ड पॉलिसी आहे, १ एप्रिल २०२१ पासून आलेली, म्हणजे कुठल्याही कंपनीकडून घेतली तरी अटी त्याच, फरक फक्त प्रीमियमचा आणि सर्व्हिसचा. रक्कम अडीच लाखांपासून १ कोटीपर्यंत घेता येते. मूळ पॉलिसीत अपघाती मृत्यू, कायमचं पूर्ण अपंगत्व आणि कायमचं अंशतः अपंगत्व येतं. वरून थोडे पैसे भरून तीन गोष्टी जोडता येतात, एक म्हणजे तात्पुरतं पूर्ण अपंगत्व, दुसरी अपघातामुळे झालेला हॉस्पिटलचा खर्च मूळ रकमेच्या १० टक्क्यांपर्यंत, तिसरी मुलांच्या शिक्षणासाठी मदत.

या तिघांपैकी पहिली सायकलवाल्याने सोडू नये असं मला मनापासून वाटतं. का ते सांगते. आमच्यातले एक जण, सातपूरला स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे त्यांचं, धरणाकडून परत येताना कुत्रं आडवं आलं आणि पडले, कॉलरबोन मोडलं. प्लेट टाकायला लागली. हेल्थ पॉलिसी होती त्यामुळे हॉस्पिटलचं बिल बरंचसं कॅशलेस झालं, त्यात काही तक्रार नाही. पण पुढचे दीड-दोन महिने उजवा हात गळ्यात, मशीनवर उभं राहता येईना, ऑर्डर दुसऱ्याकडे गेल्या, कारागिरांचा पगार मात्र चालूच. हेल्थ पॉलिसी हॉस्पिटलचा खर्च देते, बुडालेली कमाई देत नाही. तिथे तात्पुरत्या अपंगत्वाचं कव्हर कामाला येतं, डॉक्टरने कामाला जाऊ नका असं लिहून दिलेल्या आठवड्यांचे पैसे मिळतात. सरल सुरक्षामध्ये हे मूळ रकमेच्या ०.२ टक्के दर आठवड्याला असतं, म्हणजे १० लाखांची पॉलिसी असेल तर आठवड्याला २ हजार, जास्तीत जास्त १०० आठवडे. कंपन्यांच्या स्वतःच्या इतर पॉलिसींमध्ये हे १ टक्क्यापर्यंतही मिळतं पण वर कमाल मर्यादा असते आणि उत्पन्नाचे पुरावे मागतात. ज्यांचं घर रोजच्या धंद्यावर किंवा प्रॅक्टिसवर चालतं, दुकानदार, डॉक्टर, क्लासवाले, फ्रीलान्स काम करणारे, त्यांनी या आकड्यासाठी दोन-तीन कोटेशन घेऊन तुलना करा, बाकी सगळीकडे घासाघीस नाही केली तरी चालेल.

हेल्थ पॉलिसी तर हवीच. नवीन पॉलिसीला पहिले ३० दिवसांचा वेटिंग पीरियड असतो पण तो अपघाताला लागू नसतो, त्यामुळे "आत्ता घेऊन काय उपयोग" असा विचार करू नका. ऑफिसची ग्रुप पॉलिसी असेल तर तिचा रूम रेंटचा कॅप, म्हणजे खोलीच्या भाड्याची कमाल मर्यादा, बघून ठेवा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे ठरावीक उपचार योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये होतात, रेशनकार्ड आणि आधारचा फोटो फोनमध्ये ठेवा.

आता रेस आणि ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड. हा प्रश्न नाशिकमध्ये कायम येतो कारण इथे २००, ३००, ४००, ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे करणारे खूप आहेत. २०० ला साडेतेरा तास, ६०० ला ४० तास अशी वेळेची मर्यादा असते पण पहिला-दुसरा नंबर नसतो, ऑडॅक्सचं, म्हणजे या सायकलिंग प्रकाराचं, तत्त्वच ते आहे. विमा कंपनीच्या माणसाला हे माहीत असेलच असं नाही. पॉलिसीत धाडसी खेळांचं कलम असतं, आरोग्य विम्याच्या स्टँडर्ड कलमात "व्यावसायिक म्हणून" भाग घेतला तर कव्हर नाही असं म्हटलंय, म्हणजे तुमच्या-माझ्यासारखा हौशी माणूस त्यात येत नाही. पण काही कंपन्यांच्या अपघात पॉलिसीत "कुठल्याही प्रकारची रेस" असं सरसकट लिहिलेलं असतं. तेव्हा पॉलिसी घेण्याआधी कंपनीला साधा ईमेल टाका, की मी हौस म्हणून सायकल चालवतो, ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडमध्ये भाग घेतो, त्यात स्पर्धा नसते आणि बक्षीस नसतं, रात्रीही चालवावं लागतं, हे कव्हर आहे का. आलेलं उत्तर पॉलिसीबरोबर जपून ठेवा. एजंट तोंडी "सगळं चालतं साहेब" म्हणाला त्याला क्लेमच्या वेळी काही किंमत नसते. आणि टायम ट्रायल, क्रिटेरियम, एमटीबी रेस अशा खऱ्या स्पर्धेत उतरणार असाल तर त्या दिवसाचं कव्हर आयोजकांकडून घ्या, साइन केलेला वेव्हर म्हणजे विमा नाही, उलट त्यात जबाबदारी आपली आहे असंच लिहिलेलं असतं.

गाडीने उडवलं तर काय, हे वेगळं समजून घ्या कारण इथे तुमच्या पॉलिसीशिवायही पैसे मिळण्याचे मार्ग आहेत आणि लोक ते सोडून देतात. द्राक्षाच्या सीझनला दिंडोरी-वणी रस्त्याला पिकअप सुसाट असतात, मुंबई-आग्रा हायवेचं तर बोलायलाच नको, त्यात सिंहस्थासाठी ठिकठिकाणी रस्ते उकरलेले. मोटार वाहनाने अपघात झाला तर त्या गाडीच्या थर्ड पार्टी विम्यातून सायकलस्वाराला भरपाई मागता येते. जिल्हा न्यायालयातल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली अर्ज होतो, तो सहा महिन्यांच्या आत करा. कलम १६४ खाली चूक कुणाची हे सिद्ध न करताही मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात. गाडी पळून गेली, नंबरच मिळाला नाही, तर हिट अँड रनच्या योजनेत मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार आहेत, अर्ज अपघात झाला त्या भागातल्या प्रांत किंवा तहसीलदार कार्यालयात. शिवाय मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस उपचार योजना आहे, मोटार वाहनामुळे झालेल्या रस्ते अपघातात नेमलेल्या हॉस्पिटलमध्ये अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचे उपचार. पोलिसांकडून अपघाताची खात्री लागते, म्हणून ११२ ला फोन करणं यात फार महत्त्वाचं.

उलट बाजू, म्हणजे आपल्या सायकलमुळे दुसऱ्याला लागलं तर. सकाळी अंधारात मॉर्निंग वॉकवाल्या आजोबांना धक्का लागून खुब्याचं हाड मोडलं तर तो खर्च तुमच्यावर येऊ शकतो. तुमच्या कार किंवा स्कूटरचा विमा यात उपयोगी नाही, आणि सायकल मोटार वाहन नसल्यामुळे तिला सक्तीचा विमाही नाही. सरकारी विमा कंपन्यांच्या घरगुती पॅकेज पॉलिसीत पेडल सायकल नावाचं एक कलम असतं, त्यात सायकलची चोरी-नुकसान आणि थोड्या रकमेपर्यंत दुसऱ्याला झालेल्या इजेची जबाबदारी दोन्ही येतात. घराचा विमा काढताना हे कलम मुद्दाम मागून घ्या, एजंट स्वतःहून सांगत नाहीत. त्यातही रेसमध्ये वापरताना कव्हर नाही, आणि नुसता लाइट किंवा सायकलोमीटर चोरीला गेला तर मिळत नाही, सायकलसकट गेला तरच. महागडी सायकल असेल तर बिल, फ्रेम नंबरचा फोटो आणि सायकलबरोबर तुमचा एक फोटो आजच काढून ठेवा. इलेक्ट्रिक सायकलवाल्यांनी एवढं बघा की मोटर २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तरच ती सायकल धरतात, त्याच्या वर गेली की ती मोटार वाहन, मग रजिस्ट्रेशन आणि विमा दोन्ही लागतं.

अपघात झालाच तर आधी माणूस, मग कागद. पण कागद त्याच दिवशी सुरू व्हायला हवेत, म्हणून ग्रुपमधल्या एकाने फक्त तेच काम घ्यावं. ११२ ला फोन, जागेचे आणि गाडीच्या नंबरचे फोटो, साक्षीदाराचा नंबर. हॉस्पिटलमध्ये अपघात म्हणून एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद) नोंदवायला सांगा, "घरी पडले" असं कुणी घाईत लिहून जाऊ देऊ नका. कुठल्या पोलीस ठाण्याची हद्द हे बघा, शहरात आयुक्तालय पण त्र्यंबक रोडला पुढे गेलात किंवा घोटीकडे गेलात की नाशिक ग्रामीण. राइडचं रेकॉर्डिंग डिलीट करू नका, वेळ आणि जागा त्यात असते. विमा कंपनीला लगेच कळवा, वीस रुपयांच्या प्रधानमंत्री सुरक्षा बीमासाठी बँकेला ३० दिवसांच्या आत. मदतीला थांबणाऱ्या अनोळखी माणसाला पोलीस अडकवत नाहीत, मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ चं संरक्षण आहे, हे त्याला तिथेच सांगा म्हणजे तो घाबरून निघून जाणार नाही.

आणि क्लेम नाकारला म्हणून गप्प बसू नका. नाकारल्याचं कारण लेखी मागा, आधी कंपनीच्याच तक्रार विभागाकडे अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. नाशिकसाठी लोकपालाचं कार्यालय पुण्याला आहे, फी नाही, वकील लागत नाही, ऑनलाइन अर्ज होतो, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं घेतात, फक्त कंपनीचं नकाराचं पत्र आल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज जायला हवा. अर्जाला मदत हवी असेल तर फॉर्मबरोबर सगळे कागद घेऊन रविवारच्या राइडला या, बसून भरू.